वेळेवर म्हणजे वेळेवर!

परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीत पुन्हा दंडाचा विषय निघाला. हप्ता उशिरा भरला की पाच रुपये दंड, हा नियम मी अध्यक्ष असताना केलेला. त्यानं गटाचा हिशेब सरळ झाला, आणि पुढच्या निवडीत माझं नावच कुणी सुचवलं नाही! घरी येऊन हे सांगितलं, तर धाकटा हसत म्हणाला, "आई, तू म्हणजे जिम शूटर आहेस."

आता हा कोण बाबा? मुलगा स्पायडरमॅनची कॉमिक्स वाचत वाढलेला. त्यानं जे सांगितलं, ते ऐकता ऐकता भाजी निवडायची तशीच राहिली, मैत्रिणींनो.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा हा मुलगा. वडील पोलाद कारखान्यात कामगार, घरात पैशांची चणचण. तेराव्या वर्षी त्यानं गोष्टी लिहून डीसी या कॉमिक्स कंपनीला पाठवल्या आणि १९६६ मध्ये, चौदाव्या वर्षी, त्या छापूनही आल्या. आपली मुलं त्या वयात दप्तर कुठं टाकलं ते विसरतात!

१९७८ मध्ये, जेमतेम सव्विसाव्या वर्षी, तो डीसीच्या स्पर्धक मार्व्हलचा मुख्य संपादक झाला. तिथं सगळा सावळागोंधळ. काही वर्षांत चार-पाच संपादक बदललेले, अंक रखडलेले. वेळेवर पानं आली नाहीत की जुनीच गोष्ट पुन्हा छापायची. शूटरनं घडी बसवली. लेखक-चित्रकारांना पूर्वी पानामागे ठरलेले पैसे मिळत, मग अंक कितीही खपो. डीसीनं वाटा जाहीर केल्यावर मार्व्हलनंही एक लाखाच्या वर खपलेल्या प्रतींवर वाटा द्यायला सुरुवात केली. घर चालवणारीला याचं मोल वेगळं सांगायला नको.

पण माणूस हेकट. मनासारखं होईपर्यंत दुसऱ्याचं काम बदलायला लावायचा. १९८० मध्ये 'एक्स-मेन'मधली जीन ग्रे अख्ख्या ग्रहावरची माणसं मारते आणि शेवटी सुखरूप घरी येते, असं लेखक-चित्रकारानं ठरवलेलं. शूटर म्हणाला, एवढ्या हत्या करून शिक्षा नाही? शेवट बदलला, जीन मेली. मला विचाराल तर इथं त्याचंच बरोबर होतं. जीन कोलन या जुन्याजाणत्या चित्रकाराच्या बाबतीत मात्र नाही. शूटरच्या सततच्या दुरुस्त्यांना कंटाळून ते डीसीकडे निघून गेले. आणखीही काही मोठी माणसं गेली.

१९८६ मध्ये मार्व्हल दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली. त्याच वर्षी शूटरनं काढलेली 'न्यू युनिव्हर्स' ही नवी मालिका फसली. नव्या मालकांशीही खटके उडाले आणि १९८७ मध्ये त्याला काढून टाकलं. जीनच्या त्या गोष्टीचा चित्रकार जॉन बर्न, त्याच्या घरी जमून लोकांनी शूटरचा पुतळा जाळला म्हणे! हे काही मला आवडलं नाही. त्यातल्या कितीतरी जणांनी त्याच्याच काळात तो वाटा घेतला असेल ना?

शूटर ३० जून २०२५ ला गेला.

रात्री मात्र कोलनच डोक्यात राहिले. आमच्या गटातल्या एकीच्या नवऱ्याची मजुरी अडकली होती. चारचौघींत मी तिला दंड लावला, पाचच रुपये. त्यानंतर ती गटात आलीच नाही. उद्या दुपारी तिच्याकडे जाऊन येणार आहे.