कार्डिफ सिटीचा जर्सी रंगबदल वाद

कार्डिफ सिटीचा जर्सी रंगबदल वाद हा वेल्समधील कार्डिफ सिटी फुटबॉल क्लबचे मलेशियन मालक व्हिन्सेंट टॅन आणि क्लबचे चाहते यांच्यात इ.स. २०१२ ते २०१५ या काळात झालेला वाद आहे. टॅन यांनी संघाच्या जर्सीचा शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आलेला निळा रंग बदलून लाल केला आणि क्लबच्या मानचिन्हात नीलपक्ष्याऐवजी ड्रॅगनला मुख्य स्थान दिले. अडीच वर्षांच्या विरोधानंतर जानेवारी २०१५ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला. क्लबची मालकी कायद्याने ज्याच्याकडे असते त्याला क्लबची ओळख बदलण्याचाही अधिकार असावा का, या प्रश्नावरील चर्चेत या वादाचे उदाहरण वारंवार दिले जाते.

पार्श्वभूमी

या क्लबची स्थापना इ.स. १८९९ मध्ये एका क्रिकेट क्लबच्या खेळाडूंनी रिव्हरसाइड ए.एफ.सी. या नावाने केली. कार्डिफला १९०५ मध्ये शहराचा दर्जा मिळाल्यानंतर १९०८ मध्ये क्लबने कार्डिफ सिटी हे नाव घेतले. आरंभीच्या चॉकलेटी व पिवळसर रंगांची जागा याच सुमारास निळ्या रंगाने घेतली. बेल्जियन नाटककार मॉरिस मेटरलिंक यांच्या ‘द ब्लू बर्ड’ या नाटकाचे प्रयोग १९११ मध्ये कार्डिफमध्ये झाले. त्यावरून संघाला ‘ब्लूबर्ड्स’, म्हणजे नीलपक्षी, हे टोपणनाव मिळाले. २३ एप्रिल १९२७ रोजी कार्डिफ सिटीने वेम्ब्ली येथे आर्सेनलचा १-० असा पराभव करून एफए चषक जिंकला. इंग्लंडबाहेरील क्लबने हा चषक जिंकल्याचे हे आजवरचे एकमेव उदाहरण आहे.

विक्षिप्त परदेशी मालकाचा अनुभव कार्डिफच्या चाहत्यांना टॅन यांच्यापूर्वीही आला होता. मूळचे लेबनॉनचे सॅम हमाम यांनी २००० मध्ये क्लब विकत घेतला. क्लबचे नाव ‘कार्डिफ सेल्ट्स’ करावे आणि जर्सीसाठी हिरवा, लाल व पांढरा हे रंग घ्यावेत, असा प्रस्ताव त्यांनी मांडला होता. मात्र विरोध लक्षात घेऊन त्यांनी तो सोडून दिला. हमाम सामन्याच्या वेळी मैदानाच्या कडेने फिरत आणि चाहत्यांच्या हावभावांत सहभागी होत. त्यांच्या काळात क्लबवर मोठे कर्ज झाले आणि २००६ मध्ये त्यांचे नियंत्रण संपले.

मलेशियन मालकी

२०१० च्या सुमारास क्लब आर्थिक अडचणीत होता. थकीत करांपोटी ब्रिटनच्या कर विभागाने क्लब दिवाळखोरीत काढण्यासाठी न्यायालयात अर्ज केले होते. मे २०१० मध्ये चान टिएन घी यांच्या नेतृत्वाखालील मलेशियन गुंतवणूकदारांच्या गटाने क्लबची सूत्रे हाती घेतली. बर्जाया उद्योगसमूहाचे संस्थापक व्हिन्सेंट टॅन हे या गटातील प्रमुख गुंतवणूकदार होते. मलेशियात मॅकडॉनल्ड्सची उपाहारगृहे आणणारे उद्योजक म्हणून ते ओळखले जात. पुढील काळात क्लबमधील त्यांचा हिस्सा आणि त्यांनी क्लबला दिलेले कर्ज ही दोन्ही वाढत गेली.

मैदानावर संघाची स्थिती यशाच्या उंबरठ्यावर वारंवार अडखळल्यासारखी होती. २०१०, २०११ आणि २०१२ अशा सलग तीन हंगामांत प्रीमियर लीगमधील प्रवेशासाठीच्या प्ले-ऑफ सामन्यांत कार्डिफ पराभूत झाला. फेब्रुवारी २०१२ मध्ये लीग चषकाच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलने पेनल्टी शूटआउटमध्ये कार्डिफला हरवले. याउलट कार्डिफचा कट्टर प्रतिस्पर्धी स्वान्सी सिटी २०११ मध्येच प्रीमियर लीगमध्ये पोहोचला होता. स्वान्सीचे सुमारे एक पंचमांश समभाग त्या काळी चाहत्यांच्या न्यासाकडे होते.

रंगबदलाचा निर्णय

मे २०१२ मध्ये जर्सी लाल करण्याची योजना बाहेर फुटली आणि तिला तीव्र विरोध झाला. क्लबने प्रारंभी योजना मागे घेत असल्याचे जाहीर केले. मात्र क्लब दर महिन्याला मोठा तोटा सोसत असल्याने गुंतवणुकीचा फेरविचार करावा लागेल, असेही त्याच वेळी सूचित केले. चाहत्यांसाठी या विधानाचा अर्थ स्पष्ट होता. टॅन यांनी हात काढून घेतल्यास क्लब पुन्हा न्यायालयाच्या दारात उभा राहण्याची शक्यता होती.

६ जून २०१२ रोजी योजना पुन्हा मांडण्यात आली आणि या वेळी ती अंतिम ठरली. घरच्या मैदानावरील जर्सी लाल आणि बाहेरच्या सामन्यांची जर्सी निळी करण्यात आली. नव्या मानचिन्हात मोठा लाल ड्रॅगन होता आणि नीलपक्षी खालच्या बाजूस लहान आकारात उरला. त्याबरोबरच जुन्या कर्जाचा निपटारा, स्टेडियमचा विस्तार आणि प्रशिक्षण सुविधांसाठी मोठ्या गुंतवणुकीचे आश्वासन देण्यात आले.

निर्णयामागे व्यापारी हेतू होता. आशियातील अनेक समाजांत लाल रंग शुभ मानला जातो. लाल जर्सी आणि ड्रॅगन यांच्या साहाय्याने क्लबला आशियाई बाजारपेठेत स्थान मिळेल, अशी टॅन यांची अपेक्षा होती. वेल्सच्या राष्ट्रध्वजावर लाल ड्रॅगन आहे आणि वेल्सचा राष्ट्रीय संघही लाल जर्सीत खेळतो. त्यामुळे लाल रंग वेल्समधील लोकांना परका नव्हता. चाहत्यांचा आक्षेप वेगळा होता: तो रंग त्यांच्या देशाचा असला तरी त्यांच्या क्लबचा नव्हता, आणि बदल करताना त्यांचे मत निर्णायक मानले गेले नव्हते.

चाहत्यांमधील दुफळी

या निर्णयाने चाहत्यांमध्ये फूट पाडली. एका गटाच्या मते क्लब वाचणे आणि वरच्या श्रेणीत जाणे अधिक महत्त्वाचे होते; त्यासाठी जर्सीचा रंग ही सहन करण्याजोगी किंमत होती. दुसऱ्या गटाच्या मते रंग आणि मानचिन्ह यांच्याशिवाय क्लबला स्वतःची ओळखच उरत नव्हती. खेळाडू, व्यवस्थापक आणि मालक बदलत असतात. पिढ्यान्‌पिढ्या टिकतात ते नाव, रंग आणि गाव, असे या गटाचे म्हणणे होते. काहींनी हंगामी तिकिटे घेणे बंद केले. अनेकांनी सामन्याला येणे सुरू ठेवले, पण ते निळे कपडे घालून येत. क्लबने चाहत्यांना लाल स्कार्फ मोफत वाटले, तरी प्रेक्षागृहात निळा रंग टिकून राहिला.

२०१२-१३ च्या हंगामातील यशामुळे पेच अधिक वाढला. व्यवस्थापक माल्की मकाय यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने चॅम्पियनशिप ही दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा ८७ गुणांसह जिंकली. ५१ वर्षांनंतर कार्डिफ सर्वोच्च श्रेणीत परतला होता. चाहत्यांनी अनेक दशके ज्या क्षणाची वाट पाहिली होती, तो क्षण त्यांना लाल जर्सीत पाहावा लागला.

प्रीमियर लीगमधील हंगाम

प्रीमियर लीगमध्ये घरच्या मैदानावरील पहिल्याच सामन्यात, २५ ऑगस्ट २०१३ रोजी, कार्डिफने मँचेस्टर सिटीला ३-२ असे हरवले. त्यानंतर मात्र मालक आणि व्यवस्थापक यांच्यातील संबंध झपाट्याने बिघडले. खेळाडूंच्या खरेदीवर झालेला खर्च हे त्याचे मुख्य कारण होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये खेळाडू भरती विभागाचे प्रमुख इयन मूडी यांना दूर करण्यात आले. त्यांच्या जागी फुटबॉल क्षेत्राचा फारसा अनुभव नसलेल्या २३ वर्षांच्या तरुणाची नेमणूक झाली. या नेमणुकीवर मोठी टीका झाली.

याच काळात टॅन यांची वेशभूषा ब्रिटिश वृत्तपत्रांचा आवडता विषय बनली. शर्ट व टायवर चढवलेली लाल जर्सी, कमरेच्या बऱ्याच वर बांधलेली पँट, काळा चष्मा आणि काळे हातमोजे अशा पेहरावातील त्यांची छायाचित्रे सर्वत्र प्रसिद्ध झाली. काही प्रसिद्धीमाध्यमांतील उपहासाने टॅन यांच्या आशियाई असण्याकडे बोट दाखवल्यासारखे वाटत असे. त्यामुळे चाहत्यांचा मूळ आक्षेप झाकला जाण्याचीही भीती होती.

डिसेंबर २०१३ मध्ये टॅन यांनी मकाय यांना राजीनामा द्या अन्यथा पदावरून दूर केले जाईल, असा इशारा दिला. चाहत्यांनी उघडपणे मकाय यांची बाजू घेतली. साउथहॅम्पटनकडून घरच्या मैदानावर ०-३ असा पराभव झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, २७ डिसेंबर रोजी, मकाय यांना पदमुक्त करण्यात आले. जानेवारी २०१४ मध्ये ओले गुन्नार सोल्स्कयार यांची नियुक्ती झाली. परंतु संघ ३० गुणांसह तळाला राहिला आणि खालच्या श्रेणीत घसरला. लाल रंगाच्या बदल्यात मिळालेले यश एकाच हंगामात संपले आणि निर्णयाच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवादही दुबळा झाला.

निळ्या रंगाचे पुनरागमन

श्रेणी घसरल्यानंतर विरोध अधिक संघटित झाला. ‘ब्लूबर्ड्स युनाइट’ या मोहिमेने आणि चाहत्यांच्या न्यासाने निळा रंग परत आणण्याची मागणी लावून धरली. सर्वांत परिणामकारक ठरली ती प्रेक्षकांची अनुपस्थिती. स्टेडियमची क्षमता नुकतीच सुमारे ३३,००० पर्यंत वाढवण्यात आली होती आणि वाढीव भागात लाल खुर्च्या बसवण्यात आल्या होत्या. तरी जानेवारी २०१५ च्या आरंभी कोल्चेस्टरविरुद्धच्या एफए चषक सामन्याला जेमतेम चार हजार प्रेक्षक आले.

९ जानेवारी २०१५ रोजी क्लबने निळी जर्सी परत आणत असल्याचे जाहीर केले. एकोपा व आनंद यांचे महत्त्व आपल्या बौद्ध धर्मनिष्ठ आईने आपल्याला समजावले, असे टॅन यांनी या वेळी सांगितले. दुसऱ्याच दिवशी संघ निळ्या जर्सीत फुलहॅमविरुद्ध उतरला आणि १-० असा जिंकला. त्यानंतर तयार झालेल्या मानचिन्हात नीलपक्ष्याला पुन्हा मुख्य स्थान मिळाले. ड्रॅगन त्यात लहान आकारात राहिला.

मालकी आणि चाहत्यांचे स्थान

ब्रिटनमधील बहुतेक व्यावसायिक फुटबॉल क्लब मर्यादित कंपन्या आहेत. बहुसंख्य समभाग ज्याच्याकडे, त्याच्याकडे निर्णयाचा अधिकार असतो. मालकांची पात्रता तपासण्याचे नियम २००४ पासून अस्तित्वात आहेत. परंतु ही चाचणी मुख्यतः गुन्हेगारी पार्श्वभूमी व आर्थिक व्यवहार यांच्याशी संबंधित होती. मालक क्लबची परंपरा जपेल की नाही, हा तिचा विषय नव्हता. जर्मनीत मात्र ‘५०+१’ या नियमानुसार, काही अपवाद वगळता, मतांचे बहुमत सभासदांच्या संस्थेकडे राहते.

सामान्य ग्राहक नाराज झाल्यास दुसऱ्या दुकानात जातो. फुटबॉल चाहत्याला हा मार्ग मोकळा नसतो, कारण कार्डिफवर रुसलेला चाहता स्वान्सीचा पाठीराखा होत नाही. त्याच्या निष्ठेमुळे मालकाला हमखास उत्पन्न मिळते, पण चाहत्याला त्याबदल्यात कोणताही अधिकार मिळत नाही. त्यातच क्लब मालकाच्या कर्जावर चालत असेल, तर मालकाला घालवण्याची मागणीही क्लबच्या मुळावर येऊ शकते. कार्डिफच्या चाहत्यांच्या वैफल्याचे मूळ या कोंडीत होते.

तत्सम घटना

हल सिटीचे मालक, मूळचे इजिप्तचे असेम अल्लाम यांनी २०१३ मध्ये क्लबचे नाव ‘हल टायगर्स’ करण्याचा प्रयत्न केला. त्यांनीही २०१० मध्ये क्लबला आर्थिक संकटातून बाहेर काढले होते. जर्सीच्या रंगासाठी नसलेले बंधन नावासाठी होते: नाव बदलण्यास फुटबॉल असोसिएशनची संमती आवश्यक होती. असोसिएशनच्या परिषदेने एप्रिल २०१४ मध्ये प्रस्ताव फेटाळला.

ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या प्रकरणाचा संबंध महाराष्ट्राशी आहे. १९९४-९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकणारा हा क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्यातील वेंकीज या कुक्कुटपालन क्षेत्रातील उद्योगसमूहाने विकत घेतला. पुढच्याच महिन्यात व्यवस्थापक सॅम ॲलरडाइस यांना हटवण्यात आले. मे २०१२ मध्ये विगनविरुद्धच्या सामन्यात क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली कोंबडी मैदानावर सोडून चाहत्यांनी निषेध केला. त्याच सामन्यात ब्लॅकबर्नची श्रेणी घसरली. येथे रंग किंवा नाव बदलले नव्हते. दूर राहणारे मालक चाहत्यांशी संवाद साधत नाहीत, ही मुख्य तक्रार होती.

कायद्यातील बदल

इंग्लंडमधील क्लबांच्या कारभाराविषयी ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नोव्हेंबर २०२१ मध्ये अहवाल सादर केला. त्यातील शिफारशींच्या आधारे जुलै २०२५ मध्ये ‘फुटबॉल गव्हर्नन्स ॲक्ट’ हा कायदा संमत झाला आणि स्वतंत्र नियामक संस्थेची तरतूद झाली. या कायद्यानुसार घरच्या जर्सीचे रंग किंवा मानचिन्ह यांत महत्त्वाचा बदल करण्यापूर्वी त्याला देशातील बहुसंख्य चाहत्यांचा पाठिंबा असल्याची खातरजमा करण्यासाठी क्लबने वाजवी पावले उचलणे बंधनकारक आहे. इंग्लिश स्पर्धांत खेळणाऱ्या वेल्समधील क्लबांनाही तो लागू होतो.

नंतरचा काळ

निळ्या जर्सीत कार्डिफने २०१८ मध्ये नील वॉर्नॉक यांच्या व्यवस्थापनाखाली पुन्हा प्रीमियर लीग गाठली. तेथून तो २०१९ मध्ये बाहेर पडला. दरम्यानच्या वर्षांत टॅन यांनी क्लबला दिलेल्या कर्जाचा मोठा भाग भागभांडवलात रूपांतरित झाला. २०२४-२५ मध्ये संघ चॅम्पियनशिपमध्ये तळाला राहिला आणि २२ वर्षांनंतर तिसऱ्या श्रेणीत घसरला. त्या हंगामात मालकाविरुद्धची निदर्शने पुन्हा सुरू झाली. या वेळी तक्रार रंगाविषयी नव्हती. व्यवस्थापकांचे वारंवार होणारे बदल आणि क्लब चालवण्याची पद्धत हे तिचे विषय होते.