रुंद कोनाचें भिंग कसें निवडावें?

वेरूळचीं लेणीं, दौलताबादचा किल्ला आणि गौताळ्याचे डोंगर हीं सर्व आपल्या देवगांव रंगारीच्या बाजूचींच. अशा मुलखांत वाढलेल्या मुलाच्या हातीं कॅमेरा आला कीं त्यास दोन गोष्टींचा मोह पडतो. डोंगर व शिवार एकाच चित्रांत धरावें, हा पहिला. लेण्याचा किंवा घराचा अंतर्भाग सबंध टिपावा, हा दुसरा. नेहमींचें भिंग अपुरें वाटूं लागतें व मुलगा वडिलांपाशीं रुंद कोनाच्या भिंगाची मागणी करितो. वडील विचारतात, "अरे, कॅमेऱ्याबरोबर एक भिंग आलें होतें ना? मग आणखी कशाला?" हा प्रश्न अगदीं रास्त आहे. कापूस विकून आलेल्या पैशांतूनच बियाणें, वह्यापुस्तकें आणि घरखर्च ह्यांची तोंडमिळवणी करावयाची असते. म्हणून मुलास व वडिलांस एकत्र बसून विचार करितां यावा, एवढ्याचसाठीं आम्ही हा विषय येथें मांडीत आहों.

प्रथम भिंगाचा रुंदपणा म्हणजे काय, तें पाहूं. भिंगावर जो मिलिमीटरांचा आंकडा असतो तो त्याचें नाभीय अंतर दाखवितो. हा आंकडा जितका लहान, तितकें दृश्य रुंद. ह्याचें गणित त्रैराशिकाचें आहे: समोरच्या वस्तूपर्यंतचें अंतर घ्यावें, त्यास कॅमेऱ्यांतील सेन्सरच्या रुंदीनें गुणावें व नाभीय अंतरानें भागावें, येणारें उत्तर म्हणजे चित्रांत मावणारी रुंदी. पुष्कळ स्वस्त कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारें २३.५ मिलिमीटर रुंद असतो व त्यांबरोबर १८ ते ५५ मिलिमीटरचें भिंग मिळतें. १५ फुटांवरील भिंतीचें चित्र १८ मिलिमीटरवर घेतलें तर सुमारें साडेएकोणीस फूट भिंत मावते. १० मिलिमीटरवर घेतलें तर सुमारें ३५ फूट मावते. एवढ्या फरकासाठींच आपण पैसे मोजतों, हें ध्यानांत ठेवावें.

येथेंच एक फसगत संभवते. दुकानांत २४ किंवा २८ मिलिमीटरचें जुनें भिंग "रुंद" म्हणून दाखवितात. पूर्वीच्या फिल्मच्या चौकटीची रुंदी ३६ मिलिमीटर होती; त्या चौकटीवर तें खरोखर रुंद होतें. लहान सेन्सरवर २४ मिलिमीटरचें भिंग पूर्वींच्या ३६ मिलिमीटरच्या भिंगाइतकेंच दृश्य दाखवितें. म्हणजे घरीं असलेल्या १८ मिलिमीटरच्या भिंगाहून अधिक अरुंद वस्तु आपण पैसे देऊन घरीं आणितों! रुंदी हवी असेल तर लहान सेन्सरसाठीं १० ते १२ मिलिमीटरपासून सुरू होणारें भिंग पाहावें.

आतां गरज खरी कोठें आहे? जेथें मागें सरतां येत नाहीं तेथें. कैलास लेण्याचें अंगण सुमारें २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद आहे. परंतु मधोमध देऊळ उभें असल्यामुळें पाहणाऱ्यास मागें हटण्यास जागा थोडी उरते. दहाव्या लेण्यांतील स्तूप व वरील दगडी फांसळ्यांची कमान एकत्र घ्यावयाची तर पाठ लवकरच भिंतीस टेकते. आपल्या घरांतील माजघराचीही तीच गोष्ट. अशा ठिकाणीं रुंद भिंगास पर्याय कमी.

मोकळ्या रानांत मात्र प्रकार निराळा आहे. दृश्य रुंद झालें कीं त्यांतील प्रत्येक वस्तु त्याच प्रमाणांत लहान होते. रस्त्यावरून भव्य दिसणारा देवगिरीचा डोंगर १० मिलिमीटरच्या चित्रांत वारुळासारखा दिसूं लागतो, व वर निव्वळ आकाश आणि खालीं निव्वळ रस्ता उरतो. जवळ एखादें झाड, बांध किंवा शिळा असेल तरच अशा चित्रास जीव येतो. केवळ लांबरुंद देखावा हवा असेल, तर असलेल्याच भिंगानें कॅमेरा क्रमानें फिरवून, शेजारचें चित्र सुमारें एकतृतीयांश झांकेल अशा बेतानें चार-पांच चित्रें घ्यावींत व संगणकावर जोडावींत. हगिन नांवाचा प्रोग्राम हें काम फुकट करितो. वाऱ्यानें हलणारें पीक किंवा चालणारी माणसें असतील तर सांधे नीट जुळत नाहींत, एवढी त्याची मर्यादा.

दुसरा प्रश्न प्रकाशाचा. एफ/२.८ चें भिंग एफ/४.५ च्या भिंगाहून सुमारें अडीचपट प्रकाश आंत घेतें, आणि म्हणून बहुधा महागही असतें. परंतु दगड हलत नाहीं, डोंगर हलत नाहीं, भिंतही हलत नाहीं. कॅमेरा तिपाईवर ठेवून दोन सेकंद उघडा राहूं दिला तर मंद भिंगही अंधाऱ्या खोलीचें स्वच्छ चित्र देतें. आणि एफ/८ वर लावल्यास कडाही सुधारतात. तेव्हां अधिक पैसा भिंगाच्या तोंडांत न घालतां चांगल्या तिपाईंत घालावा. मांडवांतील धांवपळ किंवा रात्रींचे तारे हाच ज्याचा विषय असेल, त्यानेंच मोठ्या तोंडाच्या भिंगाचा विचार करावा. लेण्यांत तिपाई वापरण्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ती आधीं काढावी.

ह्या हिशेबांत बसणारीं दोन भिंगें सांगतों. कॅननचें १० ते १८ मिलिमीटरचें भिंग २०१४ सालीं निघालें व निकॉनचें १० ते २० मिलिमीटरचें २०१७ सालीं. दोन्हीं एफ/४.५ पासून सुरू होतात, पावशेराच्या आसपास वजनाचीं आहेत, आणि दोन्हींत हाताचा कंप सांवरण्याची सोय आहे. बसकण प्लास्टिकची असल्यामुळें किंमत आटोक्यांत राहिली. निकॉनचें हें भिंग कित्येक जुन्या कॅमेऱ्यांवर नीट चालत नाहीं. म्हणून आपल्या कॅमेऱ्याचें नांव सांगून खात्री करावी.

वापरलेलें भिंग घेण्यांत कमीपणा नाहीं. परंतु डोळे उघडे ठेवावेत. एका बाजूनें बॅटरीचा झोत टाकून दुसऱ्या बाजूनें पाहावें. आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी होय, तें भिंग सोडून द्यावें. मग विटांच्या भिंतीचें सरळ समोरून चित्र घ्यावें. एक कोपरा स्पष्ट व दुसरा पुसट आला, तर आंतील कांच सरकलेली आहे असें समजावें. घरीं आणल्यावर पावसाळ्यांत तें हवाबंद डब्यांत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावें.

मेजर रॉबर्ट गिल ह्यांनीं अजिंठा व वेरूळ येथें घेतलेलीं ७४ छायाचित्रें १८६४ सालीं ग्रंथरूपानें निघालीं. त्या काळीं कांचेच्या तबकड्या व जड पेटी घेऊन डोंगर चढावा लागे. उभें कोठें राहावें, उजेड केव्हां आंत येतो, हें जाणणें हाच त्या चित्रकाराचा मोठा आधार होता. तो आधार आजही फुकट आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, आधीं एक महिना १८ मिलिमीटरवरच चित्रें घ्या. कॅमेरा समतळ धरा, म्हणजे खांब आंत झुकणार नाहींत. माणसांस कडेला उभें करूं नका, त्यांचे चेहरे ताणले जातात. कोणतें चित्र जागेअभावीं हुकलें, तें वहींत लिहून ठेवा. महिन्याअखेर ती वही वडिलांपुढें ठेवा. पानें भरलेलीं असतील तर मागणी खरी आहे. आणि पालकांसही आमची विनंती आहे कीं, अशी वही घेऊन आलेल्या मुलास रिकाम्या हातीं परत पाठवूं नये.