साध्य, याप्य, असाध्य : एका रक्तरोगाचा जनुकीय विचार

आयुर्वेदाने रोगांचे साध्य, याप्य व असाध्य असे वर्ग कल्पिले आहेत. उपचार चालू असेतो जो आटोक्यात राहतो, तो याप्य होय. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग कोणत्या वर्गात घालावा, याचा निर्णय आज बऱ्याच अंशी गुणसूत्रे व जनुके यांच्या परीक्षेवर अवलंबून असतो.

इ. स. १९६० मध्ये पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांना या रोग्यांच्या पेशींत एक असाधारण लहान गुणसूत्र आढळले. शोधाच्या नगरावरून त्यास ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ ही संज्ञा मिळाली. २२ व्या गुणसूत्राचा तुटलेला अंश नष्ट न होता ९ व्यास जोडला जातो, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखविले. ९ व्याचाही अंश २२ व्यावर येतो, असे पुढे सिद्ध झाले. या अदलाबदलीत ‘बीसीआर’ व ‘एबीएल’ ही जनुके एकत्र जोडली जातात. त्या संयुक्त जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीस विभाजनाची अखंड चालना देत राहते.

ही मूळ विकृती निदानास पुरेशी आहे. परंतु ती या सर्वच रोग्यांत असल्यामुळे एकाचे भवितव्य दुसऱ्याहून भिन्न का, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी तिच्यात पडलेली भर पाहावी लागते. दुसरे फिलाडेल्फिया गुणसूत्र, ८ व्याची जादा प्रत, अथवा १७ व्याच्या आखूड भुजेच्या जागी दीर्घ भुजेचीच प्रत, असे बदल उपचार चालू असता उद्भवल्यास रोग तीव्र अवस्थेकडे झुकत असल्याचे ते लक्षण मानतात.

उपर्युक्त प्रथिनाचे कार्य रोखणाऱ्या इमॅटिनिब या औषधास २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. रोगाच्या प्रारंभीच्या अवस्थेत ते सुरू केलेल्या रोग्यांच्या एका मोठ्या चाचणीत दहा वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ८३ टक्के ठरले. बहुधा काही वर्षांत प्राण घेणारा रोग याप्य झाला. तथापि त्या प्रथिनात ३१५ व्या स्थानी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन आले, तर इमॅटिनिब निष्प्रभ ठरते व पोनॅटिनिबसारखे अन्य औषध योजावे लागते.

म्हणूनच संयुक्त जनुकाच्या प्रमाणाची मोजणी ठराविक काळाने करतात. उपचाराच्या तिसऱ्या महिन्यात ते आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीवर १० टक्क्यांवर आलेले नसेल, तर ती सावधगिरीची सूचना समजावी. एकाच रोग्याचा वर्ग काळानुसार पालटू शकतो, ही गोष्ट या मोजणीमुळे वेळीच ध्यानात येते.