शस्त्रक्रियेनंतरचे ताट

रत्नागिरी शहराला लागूनच मिरजोळे हे गाव आहे. रत्नागिरीचा विमानतळ येथे आहे आणि औद्योगिक वसाहतही येथेच आहे. कारखानदार, घाऊक व्यापारी, आंबा-काजूच्या व्यवसायातील मंडळी यांची या रस्त्यावर सतत ये-जा असते. या परिसरातून कोल्हापूर गाठायचे तर आंबा घाट चढावा लागतो; पुणे त्याहून दूर आहे आणि मुंबईसाठी कोकण रेल्वेचा लांबचा प्रवास आहे. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या कुटुंबाला बहुधा यांपैकीच एखादी वाट धरावी लागते. शस्त्रक्रिया काही तासांत पार पडते आणि थोड्याच दिवसांत रुग्ण घरी परततो. मात्र पुढची वीस-तीस वर्षे घरच्या स्वयंपाकघरात, दुकानाच्या गादीवर आणि लग्नाच्या पंगतीत काढायची असतात. तेथे शल्यविशारद नसतो, आहारतज्ज्ञही नसतो. जो असतो तो रुग्ण स्वतः. म्हणूनच या उपचाराचा उत्तरार्ध ज्याचा त्यालाच शिकून घ्यावा लागतो.

शस्त्रक्रिया काय करते, काय करत नाही

मराठी घरांत या शस्त्रक्रियेची चर्चा प्रथम मोठ्या प्रमाणावर झाली ती २०११ मध्ये. त्या वर्षी श्री. नितीन गडकरी यांनी मुंबईत ती करून घेतल्याचे वृत्त सर्वत्र प्रसिद्ध झाले. पुढे २०१७ मध्ये इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथील अतिस्थूल महिला इमान अहमद उपचारांसाठी मुंबईत आली आणि हा विषय पुन्हा घरोघरी पोहोचला. आज मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, झोपेत श्वास अडकणे अशा त्रासांनी ग्रासलेल्या अनेकांना डॉक्टर हा मार्ग सुचवतात.

यातील दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’मध्ये जठराचा बहुतांश भाग काढून टाकला जातो आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक राहते. तिच्यात सुरुवातीला शंभर-दीडशे मिलिलिटर, म्हणजे लहानशी वाटी, एवढेच मावते. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडली जाते. दोन्हींत भूक लागण्याची जाणीवही काही काळ मंदावते.

परंतु शस्त्रक्रियेने सवयी बदलत नाहीत. गादीवर बसल्या बसल्या फरसाणाच्या डब्याकडे जाणारा हात आणि पाहुण्यांबरोबर चौथ्यांदा घेतला जाणारा साखरेचा चहा पूर्वीसारखेच राहतात. लहान झालेले जठर एका वेळी फार जेवू देत नाही. पण दिवसभर थोडे थोडे गोड-तळलेले खात राहिले तर ते अडवतही नाही.

याचा पुरावा स्वीडनमधील एका दीर्घ अभ्यासातून मिळतो. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात चार हजारांहून अधिक स्थूल व्यक्तींची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. त्यात बायपास केलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत मूळ वजनाच्या सरासरी ३२ टक्के घटले. दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजे कमावलेल्यातील काही भाग परत गेला, तरी मोठा भाग टिकला. शस्त्रक्रिया केलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ही शस्त्रक्रिया म्हणजे भांडवल आहे. ते वाढेल की खर्ची पडेल, हे रोजच्या व्यवहारावर ठरते.

पहिले दोन महिने

रुग्णालयातून मिळणारा आहारतक्ता टप्प्याटप्प्याचा असतो. आधी काही दिवस स्वच्छ पातळ पदार्थ, मग सुमारे दोन आठवड्यांपर्यंत दूध-ताकासारखे दाट पातळ पदार्थ, त्यानंतर घोटून गुळगुळीत केलेले अन्न, पुढे मऊ अन्न आणि साधारण दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण. प्रत्येकाचा वेग निराळा असतो. टप्पा कधी बदलायचा हे डॉक्टरांनीच सांगावे.

जैन कुटुंबांची अडचण निराळी असते. अनेक तक्त्यांत अंडी, मासे, चिकन सूप किंवा गाजर-बटाट्याचे सूप लिहिलेले असते. घरी परतल्यावर ते वाचून गोंधळण्यापेक्षा शस्त्रक्रियेपूर्वीच आहारतज्ज्ञांना स्पष्ट सांगावे, की आमच्याकडे कंदमूळ चालत नाही, रात्रिभोजन होत नाही आणि कच्च्या दह्याबरोबर द्विदल घेतले जात नाही. दुधी, पडवळ, लाल भोपळा, टोमॅटो यांची सूपे तितकीच सोयीची आहेत. तक्ता आपल्या घराला लागू करून घेणे हे स्वावलंबनाचे पहिले पाऊल होय.

जेवण्याची रीतही नव्याने शिकावी लागते. घास लहान घ्यावा, पुष्कळ चावावा, एका वेळच्या जेवणाला वीस-तीस मिनिटे द्यावीत. जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये. पोट भरल्याची पहिली खूण, म्हणजे छातीखाली किंचित दाब किंवा एखादी उचकी, जाणवताच हात थांबवावा. आणखी एक घास घेतला की उलटी ठरलेली. आहार पोट भरण्याच्या आधीच थांबवणे याला आपल्या परंपरेत ऊणोदरी किंवा अवमौदर्य म्हटले आहे आणि त्याची गणना सहा बाह्य तपांत होते. ज्यांनी ते नाव लहानपणापासून ऐकले आहे, त्यांना हा नियम परका वाटण्याचे कारण नाही.

प्रथिनांचा हिशेब

शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिने पोटात जाणे आवश्यक मानले जाते. ती कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, केस गळतात, थकवा येतो. शाकाहारी ताटात आणि लहान पोटात एवढी प्रथिने बसवणे कठीण आहे, अशक्य मात्र नाही.

एक दिवस असा मांडता येतो. दोनशे मिलिलिटर दूध दोन वेळा घेतले की १३ ग्रॅम. साठ ग्रॅम पनीर, १० ते ११ ग्रॅम. तीस ग्रॅम मूगडाळीचे घट्ट वरण, सुमारे ७. पाणी काढलेल्या दह्याचा शंभर ग्रॅम चक्का, ८ च्या आसपास. तीस ग्रॅम भाजक्या हरभऱ्याचे सत्तू, ६ ते ७. वीस ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पूड, ७. आणि कोकणच्या घराघरांत असलेले कुळथाचे पीठ तीस ग्रॅम घेऊन केलेली पिठी, ६ हून अधिक. बेरीज साठच्या जवळ पोहोचते. हे सारे पाच-सहा वेळांत विभागायचे आणि प्रत्येक वेळी प्रथिनाचा पदार्थ आधी, भाजी नंतर, भात-भाकरी जागा उरली तर, असा क्रम ठेवायचा. चक्का कच्च्या दह्याचा असल्याने तो डाळीच्या जेवणापासून वेगळ्या वेळी घेतला की नियमही पाळला जातो.

येथे दोन चुका सर्रास होतात. डाळीचे वरचे पाणी पौष्टिक समजून रुग्णाला दिले जाते. प्रथिने मात्र तळच्या दाट डाळीत राहतात. दुसरी चूक म्हणजे ‘अशक्तपणा येईल’ म्हणून फळांचा रस, शिरा, लाडू यांचा मारा. बायपास झालेल्या व्यक्तीच्या आतड्यात साखर एकदम उतरली की घाम, धडधड, चक्कर, पोटात कळा असा त्रास होऊ शकतो. रत्नागिरीत राहून हापूसचा मोह कोणाला टळणार? पण वैशाखात आमरसाची वाटी न घेता आंब्याची एक-दोन फोडी, तीही जेवणानंतर सावकाश आणि डॉक्टरांनी अनुमती दिल्यावर, एवढ्यावर समाधान मानायला शिकावे लागते.

पाणी आणि चौविहार

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत रुग्णाला पुन्हा रुग्णालयात न्यावे लागण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे शरीरातील पाणी कमी होणे. दिवसाला किमान दीड लिटर पाणी हवे आणि ते घोट घोट घेऊनच. कोकणच्या दमट उकाड्यात गरज याहून अधिकच असते.

चौविहार पाळणाऱ्याने हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. डिसेंबरात रत्नागिरीत सूर्योदय ते सूर्यास्त सुमारे अकरा तास मिळतात. नवकारशी असेल तर सूर्योदयानंतरची ४८ मिनिटे वजा होतात. पाच वेळा खाणे आणि प्रत्येक खाण्यासह नंतरचा अर्धा तास पाण्याविना, म्हणजे आणखी पाच तास गेले. पाण्यासाठी उरतात जेमतेम पाच तास. त्यात दीड लिटर बसवायचे तर दर तासाला तीनशे मिलिलिटर. नव्याने शस्त्रक्रिया झालेल्या पोटाला हे पेलत नाही.

परंपरेनेच येथे वाट ठेवली आहे. चौविहारात अशन, पान, खादिम, स्वादिम या चारही आहारांचा त्याग असतो. तिविहारात पाण्याची मोकळीक राहते. शस्त्रक्रियेनंतरच्या काळात तिविहार स्वीकारला तर सूर्यास्तानंतरही उकळलेले पाणी घेता येते. हा निर्णय आपल्या महाराजसाहेबांना किंवा मुनिश्रींना प्रकृतीची खरी स्थिती सांगून, त्यांच्या मार्गदर्शनाने घ्यावा.

तपश्चर्येबाबतही हेच लागू पडते. पर्युषणात अठ्ठाई करण्याची ज्या घराची रीत आहे, तेथे शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला ‘आता तर तुला भूकच लागत नाही, तुला उपवास सोपा’ असे कौतुकाने म्हटले जाते. हे कौतुक घातक ठरू शकते. पहिल्या वर्षात दीर्घ उपवास केल्यास पाणी, प्रथिने, क्षार आणि जीवनसत्त्वे एकाच वेळी तुटतात. एकासणेही सुरुवातीला जमत नाही, कारण एका बैठकीत दिवसाचे अन्न मावतच नाही. सोळा कारण भावनांमध्ये तपाचा उल्लेख ‘शक्तितः’, म्हणजे आपल्या शक्तीनुसार, असाच आला आहे. तेव्हा या काळात रसत्याग, म्हणजे तूप-साखर-तळण यांचा संयम, हे तप डॉक्टरांच्या सल्ल्यालाही पूरक ठरते.

आयुष्यभराच्या गोळ्या

वजन उतरले, अंगरखे सैल झाले की गोळ्या सुटतात. धोका येथेच आहे. जठराचा भाग गेल्याने बी-१२ जीवनसत्त्वाचे शोषण घटते. आणि शाकाहारी माणसात ते बहुधा आधीच कमी असते. त्याची दीर्घ उणीव पायांना मुंग्या, तोल जाणे, स्मरणशक्तीचा ऱ्हास येथवर नेऊ शकते. त्याचबरोबर लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांची जोड आयुष्यभर लागते. कॅल्शियमचे सायट्रेट हे रूप अशा पोटाला अधिक मानवते आणि लोहाची गोळी कॅल्शियमपासून किमान दोन तास दूर ठेवावी लागते.

कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज, असते. म्हणून औषध मध्येच सोडून देण्याचे कारण नाही. साधी गोळी, वनस्पतिजन्य कवचाची कॅप्सूल किंवा बी-१२ चे इंजेक्शन असे पर्याय उपलब्ध आहेत. डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्याला विचारून ते मागून घ्यावेत. अंगदुखीसाठी दुकानातून मनानेच वेदनाशामक गोळी आणू नये; बायपासनंतर अशा काही गोळ्यांनी जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो. सतत उलट्या, ताप, जलद नाडी किंवा पोटात तीव्र वेदना असतील तर घाट ओलांडण्याची वाट न पाहता प्रथम जवळच्या रुग्णालयात जावे आणि शस्त्रक्रियेचा कागद सोबत न्यावा.

रोजमेळाची वही

व्यापारी घरात एक शिस्त रक्तातच असते. दिवसाची जमा-नावे त्याच दिवशी रोजमेळात उतरते. उद्यावर टाकलेला हिशेब चुकतो हे मुलालाही ठाऊक असते. हीच शिस्त येथे उपयोगी पडते. एक छोटी वही, तिच्यात पाच रकाने : पाणी, प्रथिने, गोळ्या, चालणे आणि आठवड्यातून एकदा वजन. रात्री दुकान वाढवल्यावर दोन मिनिटांत ती भरते. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी रक्ततपासणीसाठी जाताना ही वही डॉक्टरांपुढे ठेवली, तर घाटापलीकडील डॉक्टरांनाही रुग्णाचा प्रत्येक दिवस दिसतो.

ही वही रुग्णाने स्वतः लिहावी, यात महत्त्व आहे. बहुतेक घरांत पथ्याचा भार आई, पत्नी किंवा सून यांच्यावर पडतो. त्या वेळेवर गोळी हातात देतात, वाटी मोजून वाढतात, आणि त्या माहेरी किंवा यात्रेला गेल्या की सारे विस्कटते. मूगडाळ शिजवणे, चक्का बांधणे, कुळथाची पिठी घोटणे ही कामे पुरुषांनाही शिकता येतात. स्वतःचा डबा स्वतः भरणारा माणूस पेढीवर असो वा खरेदीच्या दौऱ्यावर, अडत नाही.

घरच्यांनी मात्र एक गोष्ट अवश्य करावी : आग्रह थांबवावा. आपल्याकडे प्रेम ताटात वाढले जाते. लग्नाच्या पंगतीत ‘एक तरी घ्याच’ म्हणणाऱ्या मामांना ठाऊक नसते, की त्या एका जिलबीनंतर भाच्याला अर्धा तास आडवे पडावे लागणार आहे. नम्रपणे हात जोडून ‘मामा, पुरे झाले’ म्हणणे हे शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीचे कर्तव्य, आणि ते एकदाच ऐकून पुढच्या पानाकडे वळणे हे वाढणाऱ्याचे. आग्रहाला उत्तर देण्याचे हे बळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळत नाही. ते रोजच्या लहान वाटीतूनच कमवावे लागते.