शेवटच्या ओव्हरचा बॉलर ड्राफ्टमध्ये कसा उचलायचा?

मागच्या भागात आपण ओपनर बघितले, आज डेथ ओव्हरचे बॉलर. ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना दोनदा आकडे चुकलो होतो, ते इथे दुरुस्त केलेत.

आधी आमच्या लीगबद्दल दोन ओळी. आम्ही आठ जण, पाच भोरचे, तीन वेल्ह्याचे. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा आला, पण आमचं काही बिघडलं नाही, कारण आमच्यात पैसे कधी नव्हतेच. एक शीट, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि एक शिक्षा. जो शेवटचा येईल त्याने तोरणा चढताना सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या वाहायच्या.

२०२५ च्या आयपीएलनंतर त्या बाटल्या मी वाहिल्या. अर्ध्या चढावर मित्र म्हणाला, "इंजिनिअरसाहेब, शीट पण तुमचीच आणि ओझं पण तुमचंच?" तर माझं काय चुकलं, तेच आज सांगतो.

पर्पल कॅप बघून भुललो

२०२४ ची पर्पल कॅप हर्षल पटेलची होती, २४ विकेट. म्हणून पुढच्या वर्षी मी त्याला पहिल्याच फेरीत घेतलं. बुमरा पाठीच्या दुखापतीमुळे सुरुवातीला खेळणार नव्हता, म्हणून सगळ्यांनी त्याला सोडला आणि वेल्ह्याच्या एका पठ्ठ्याने तिसऱ्या फेरीत उचलला. बुमरा चार मॅच बसला, तरी १२ मॅचमध्ये १८ विकेट घेऊन गेला. हर्षलच्या १३ मॅचमध्ये १६ झाल्या.

यात हर्षलची काही चूक नाही. चूक माझी, कारण मी आमचेच नियम वाचले नाहीत. आमच्याकडे विकेटला २५ गुण. शिवाय ओव्हरला ८ रन हा बेस. त्यापेक्षा कमी दिलेल्या प्रत्येक रनला एक गुण मिळतो, जास्त दिलेल्या प्रत्येक रनला एक कापला जातो.

आता २०२४ चा हिशोब करा. दोघांनी साधारण ५०-५० ओव्हर टाकल्या. हर्षल २४ विकेट, इकॉनॉमी ९.७३. बुमरा २० विकेट, इकॉनॉमी ६.४८. फक्त विकेट मोजल्या तर हर्षल ६००, बुमरा ५००. रन धरले तर हर्षल ५१५ च्या आसपास आणि बुमरा ५७५ च्या आसपास. बॉलर तेच, हंगाम तोच, नियम बदलला की नंबर उलटतो. म्हणून पहिली गोष्ट, आधी गुणांचा तक्ता, मग नावं.

बेसबॉलवाल्यांना हे आधीच कळलंय

अमेरिकेत फँटसी बेसबॉलचा ड्राफ्ट असतो, त्यात रिलीफ पिचर हा असाच डोकेदुखीचा विषय. सुरुवातीचा पिचर दमला की हे लोक येतात आणि जो सामना संपवतो तो क्लोजर. त्याच्या नावावर 'सेव्ह' लागतो. सेव्ह हा आकडा १९६९ पासून अधिकृत आहे. साधारण असं समजा की तीन किंवा कमी रनांची आघाडी असताना येऊन शेवटची इनिंग नीट काढली की सेव्ह मिळतो. गंमत अशी की त्याच्या आधीच्या इनिंगमध्ये खरी आग विझवणाऱ्याला सेव्ह मिळत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. २९ जून २०२४, टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनल, बार्बाडोस. दक्षिण आफ्रिकेला ३० बॉलमध्ये ३० हव्या होत्या. बुमराने सोळाव्या ओव्हरमध्ये ४ दिले, अठराव्यात फक्त २ आणि एक विकेट. शेवटची ओव्हर हार्दिकची, १६ वाचवायच्या होत्या, त्याने वाचवल्या. बेसबॉलच्या हिशोबाने सेव्ह हार्दिकचा. पण १८ बॉलमध्ये २२ चं १२ बॉलमध्ये २० कोणी केलं?

म्हणजे शेवटची ओव्हर टाकणं ही *जागा* आहे आणि रन अडवणं हे *कसब*. ड्राफ्टमध्ये आपण जागेच्या नावाला भुलतो.

मग बघायचं काय?

एक, जागा किती आहेत. १६ ते २० या पाच ओव्हर. लागोपाठ दोन ओव्हर एकाला टाकता येत नाहीत, म्हणजे एका बॉलरला जास्तीत जास्त तीन. एका टीममध्ये दोन, फार तर तीन पक्क्या खुर्च्या. दहा टीम धरा, वीस-पंचवीस बॉलर. म्हणून अगदी शेवटच्या फेरीपर्यंत थांबू नका, पण पहिली फेरीही घालवू नका.

दोन, एका वर्षाच्या विकेटवर जाऊ नका. डेथमध्ये दोन ओव्हर गुणिले १४ मॅच, झाले १६८ बॉल. एवढ्यात नशीब खूप खेळतं, कारण बॅट्समन तिथे डोळे मिटून फिरवत असतो. हर्षलच्याच २०२१ पासूनच्या विकेट बघा: ३२, १९, १४, २४. इकॉनॉमी आणि डॉट बॉल दोन-तीन वर्षांचे एकत्र बघा.

तीन, दुखापत. बुमरा २०२३ चा पूर्ण हंगाम खेळला नाही. असा बॉलर घ्याच, पण त्याच टीमचा दुसरा डेथ बॉलर शेवटच्या फेरीत खिशात ठेवा. खुर्ची रिकामी झाली की तोच बसतो.

चार, पहिल्या तीन मॅच स्वतः बघा. अठरावी आणि विसावी कोणाला दिली, ते लिहून ठेवा. भात निघालं की आपल्याकडे खाचरात टेनिसच्या मॅच होतात, तिथेही कॅप्टन शेवटची ओव्हर कोणाला देतो? जास्त विकेटवाल्याला नाही. ज्याचा बॉल घाबरून फुलटॉस होत नाही, त्याला.

या वर्षी मी शीटमध्ये 'खुर्ची' आणि 'कसब' असे दोन वेगळे कॉलम केलेत. तोरण्याला मोकळ्या हाताने जायचंय, बघू. तुमच्या लीगचे गुण कसे मोजता ते कळवा, पुढच्या भागात विकेटकीपर घेऊ. भेटू!