वेताळ टेकडी : हात वर झाला की थांबायचं

लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूने चढायला लागलं की थोड्याच वेळात पुण्याचा गलका खाली राहतो. नोव्हेंबरातला रविवार, सकाळचे साडेसहा. रोजचे फिरणारे झपझप पुढे निघून जातात आणि आमचा पंधरा जणांचा घोळका एका बाभळीसमोर खोळंबलेला असतो. पुढच्या काकांनी हात वर केलेला आहे. हात वर झाला की पाय थांबवायचे आणि बोलणंही. इथे आल्यावर पहिल्यांदा शिकायची गोष्ट हीच.

“बाभळीवर, तीन वाजता, आतली फांदी,” काका कुजबुजतात. झाडाला घड्याळाची तबकडी समजायचं आणि पक्ष्याची जागा काट्यांवरून सांगायची, ही पक्षीनिरीक्षकांची रीत. नवख्या माणसाला तीन वाजता काय, सहा वाजताही काही दिसत नाही. मग शेजारची मुलगी आपली दुर्बीण त्याच्या हातात देते, खांद्याला धरून त्याला जरासं वळवते आणि एकदाचा तो “दिसला!” म्हणतो. तो आनंद ज्याला दिसला त्याच्याइतकाच दाखवणाऱ्याचाही असतो. मी अनेक वर्षं एकटा टेकडीवर येत होतो. पक्षी तेव्हाही दिसायचे, पण असा क्षण कधी वाट्याला आला नव्हता.

बाभळीवर होता थरथरा. पाठ काळी, पोट विटकरी-नारिंगी आणि शेपूट सारखी थरथरणारी. हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून तो हिवाळ्यापुरता खाली उतरतो. घोळक्यातल्या एका काकूंनी त्याच्याकडे पाहून “आलास का?” असं विचारलं, तेही अगदी माहेरवाशिणीला विचारावं तसं.

वेताळ टेकडी म्हणजे पुणे शहरातली सर्वांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर. माथ्यावर वेताळबाबाचं देऊळ आहे आणि जवळच दगडाची जुनी खाण. खाणीत आता पाणी साठतं आणि त्या काठावर धोबी, खंड्या, वेडा राघू असा दरबार भरतो. एका अंगाला कोथरूड, दुसऱ्याला पाषाण, खाली सेनापती बापट रस्ता. चहूबाजूंनी शहर आणि मधोमध मोराची केका! पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

टेकडीच्या उतारांवर गिरिपुष्पाची दाट लागवड आहे. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. झपाट्याने वाढतं, गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून उघड्या डोंगरांवर ते लावलं गेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलांनी ते देखणं दिसतं, हे खरंच. पण आमचा घोळका रेंगाळतो तो गवताळ, काटेरी मोकळ्या पट्ट्यात. तित्तिर तिथेच ओरडतात आणि चंडोल तिथेच गातात. जमिनीवर घरटं करणाऱ्या या पक्ष्यांना दाट झाडी नको असते. टेकडीवर मोकळी जागा दिसली की खड्डा खणून रोप लावायला निघणाऱ्या उत्साही मंडळींना एकदा तरी या पट्ट्यात तासभर उभं करावं, असं मला मनापासून वाटतं. गवत म्हणजे ओसाड जमीन नव्हे.

डोळ्यांआधी कान, हे मला आमच्यातल्या एका आजींनी शिकवलं. त्यांचं बालपण कसबा पेठेतलं, तांबट आळीच्या जवळ. भांडी ठोकण्याचा टक्-टक् आवाज ऐकतच त्या वाढल्या. उन्हाळ्यात तांबट पक्षी एकाच लयीत पुक्-पुक् करायला लागला की आजी म्हणतात, “बघा, आळी उघडली.” पक्षी हिरवा, पानांत बेमालूम दडलेला, पण आजी आवाजावरून फांदी सांगतात. पावसाच्या तोंडावर पावशा ओरडतो तेव्हा शेतकऱ्याच्या कानाला त्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येतं. आमच्यातला मावळातून आलेला एक तरुण ते ऐकलं की चालता चालता गप्प होतो.

5 नोव्हेंबर हा वनलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात 2020पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते. त्यासाठी पंधरा मिनिटं एका जागी उभं राहून दिसलेले पक्षी मोजले आणि ई-बर्ड या संकेतस्थळावर नोंदवले तरी पुरतं. अशा नोंदी वर्षानुवर्षं साठल्या की कोणता पक्षी कुठे टिकून आहे आणि कुठून नाहीसा होतोय, ते कळायला लागतं. टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा प्रस्ताव आला, तेव्हा 2023च्या एप्रिलमध्ये पुणेकर मोठ्या संख्येने टेकडीसाठी चालले. त्यात गळ्यात दुर्बीण अडकवलेलेही होते.

यायचं तर उजाडता उजाडता या. ऊन चढलं की पक्षी सावलीला जातात. कपडे मातकट किंवा हिरवट असावेत आणि पाण्याची बाटली जवळ असावी. दुर्बीण नसली तरी अडत नाही, कुणीतरी देतंच. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही आणि घरट्याची जागा कुणाला सांगायची नाही, एवढं पथ्य मात्र पाळायचं.

नऊच्या सुमारास देवळापाशी बसून यादी होते. चिक्की फिरते, वाद होतात. त्या दिवशी आठ वर्षांच्या एका पोराने नवरंग पाहिल्याचं सांगितलं. बाकी कुणाला दिसला नव्हता.

“पोटाखाली लाल होतं?” काकांनी विचारलं.

“होतं. आणि शेपूट जवळजवळ नव्हतीच.”

काकांनी वहीत लिहिलं, “नवरंग, एक,” आणि पुढे त्या पोराचं नाव. मग सगळे उठले आणि त्याने दाखवलेल्या करवंदीच्या जाळीकडे निघाले. या वेळी सर्वांत पुढे तो होता.