सिद्दी कारागिरांशी व्यवहार : मदत टिकते कशी?

आपल्या शहराचा पाया १६१० मध्ये खडकी या नावाने घालणारा मलिक अंबर हा आजच्या इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता, हे आपण सारे जाणतो. त्याने काढलेली नहर पिढ्यान्पिढ्या शहराला पाणी देत राहिली. परंतु आफ्रिकन वंशाचे हबशी किंवा सिद्दी लोक आज भारतात कसे जगतात, त्यांच्याशी आपला व्यापार होऊ शकतो काय, याचा विचार बाजारात फारसा होत नाही.

आश्रय गेला, रोजगार गेला

हैदराबादेतील ए. सी. गार्ड्स ही वस्ती निजामाच्या हबशी घोडदळावरून ओळखली जाते. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, पुढे फौज मोडली आणि त्या घरांची चाकरी संपली. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे राज्यही १९४८ मध्येच विलीन झाले. पुढे १९८७ मध्ये सिद्दी मुलामुलींना खेळाडू म्हणून घडविण्याची सरकारी योजना निघाली. तीही १९९३ च्या सुमारास बंद पडली.

तिन्ही ठिकाणी दोष सिद्दींच्या हुनरात नव्हता. पैसा आणि निर्णय दुसऱ्याच्या हाती होते. देणाऱ्याने हात आखडता घेताच सारे थांबले.

स्वतःची संस्था

गुजरातेत गीरजवळच्या जांबूर गावी हीरबाई लोबी या सिद्दी महिलेने बायकांचा गट बांधला. शेणखताचा व सेंद्रिय खताचा धंदा आणि बचत यांतून गटाने कमाई सुरू केली. बाहेरच्या संस्थेची मदत त्यांनी घेतली, पण गावातले काम गावच्या बायकांनीच चालवले. २०२३ मध्ये हीरबाईंना पद्मश्री मिळाली.

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांतही सिद्दींची वस्ती आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या गुलामांपैकी जे जंगलात पळून गेले, त्यांचे हे वंशज मानले जातात. त्यांच्यात मुसलमान, हिंदू व ख्रिस्ती तिन्ही आहेत. त्यांची बोली कोकणीच्या जवळची आहे. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

येथील बायका कवंदी शिवतात. कवंदी म्हणजे आपल्या गोधडीची बहीण. जुन्या कपड्यांचे तुकडे कडेपासून लावत, धावदोऱ्याने फेरे घेत शिवण मध्यभागी आणून संपवतात. २००४ मध्ये या बायकांचा सहकारी गट उभा राहिला आणि घरात पांघरण्याची वस्तू विक्रीचा माल झाली.

हिशेब असा मांडा

समजा, एका कवंदीला १२ दिवस लागतात आणि गटाने रोज ३०० रुपये ठरवला. मजुरी ३,६०० झाली. कापड-धागा २०० आणि भाडे २०० धरून ४,००० होतात. त्यावर गटाच्या निधीसाठी दहा टक्के, म्हणजे ४०० रुपये. गटाचा भाव ४,४०० पडला.

आता दुकानदार म्हणाला, “जुन्याच चिंध्या, २,००० घ्या.” कापड-धागा व भाड्याचे ४०० वजा जाता १,६०० उरतात. १२ दिवसांनी भागले तर रोज सुमारे १३३ रुपये. गटाच्या हाती तर काहीच नाही. मग हिशेबनीस कोण ठेवणार? बाजाराला जाण्याचे भाडे कोण देणार? पुष्कळ गट माल खपत असतानाही याच कारणाने मोडतात. निधीचे ते ४०० रुपये खैरात समजू नयेत. आपल्या दुकानाच्या भाड्या-विजेसारखाच तो धंद्याचा खर्च आहे.

व्यापाऱ्यांनी काय करावे?

१) दलालाऐवजी सिद्दींनी स्वतः चालवलेल्या गटाशी बोला. नोंदणी आहे काय, बँकेतील खाते गटाच्या नावे आहे काय आणि सही कोणाची चालते, हे पाहा.

२) एकदाच मोठी ऑर्डर देण्यापेक्षा थोडी, पण तीन वर्षे चालणारी द्या. त्या भरवशावरच गट नव्या मुलींना शिकवू शकतो.

३) निम्मी रक्कम बयाणा द्या, बाकी माल हाती येताच चुकती करा. रोजाने जगणाऱ्याला उधारी परवडत नाही.

४) मालावर गावाचे व शिवणारणीचे नाव राहू द्या, अर्थात तिच्या संमतीने.

५) दान द्यायचे असेल तर वेगळे द्या आणि खर्च कशावर करायचा ते गटाला ठरवू द्या. दानाच्या नावाखाली भाव पाडू नका.

अमेरिका-इंग्लंडमधील काळ्या लोकांच्या संस्थाही आज हेच मागतात : रक्कम अनेक वर्षांसाठी द्या आणि निर्णय आमच्यावर सोपवा.

हिमरू विणणाऱ्या आपल्या शहराला हे समजणे अवघड नाही. माग कोणाचा, भाव कोण ठरवतो, यावरच कारागिराच्या घरची चूल अवलंबून असते. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा लोक रांग लावतात. तो गेला की घागर रिकामीच. मलिक अंबरने शहराला नहर दिली होती. त्याच्या वंशबांधवांशी व्यवहार करताना एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.